धुरकट जांभळी भिंत

घरात जांभळा रंग लावू या असं कुणी म्हटलं, की बहुतेक घरांत आधी नकारच येतो. डोळ्यांसमोर उभा राहतो तो मंगल कार्यालयातल्या पडद्यांचा आणि फुग्यांच्या कमानीचा भडक जांभळा. मी म्हणते तो रंग वेगळा. त्यात भरपूर पांढरा असतो, थोडी राख असते, किंचित मातीही असते. सकाळी तो राखाडीकडे झुकतो, उतरत्या उन्हात गुलाबीकडे. भाद्रपदातल्या ढगाळ हवेत कारवी फुललेला डोंगरउतार लांबून पाहिला असेल, तर त्या रंगाची कल्पना तुम्हांला आहेच.

हा रंग फार सुंदर आहे आणि निवडायला अवघडही. क्रीम, बिस्किट, मोतिया हे रंग दुकानात उभं राहून शेड कार्डावरून निवडले तरी फारसं बिघडत नाही. धुरकट जांभळ्यात मात्र लाल आणि निळा हे दोन विरुद्ध स्वभावाचे रंग एकत्र नांदत असतात आणि वरून करड्याचा पडदा असतो. फरशी बदलली, बल्ब बदलला, समोरच्या इमारतीला नवा रंग लागला, की या तिघांतला कधी एक पुढे येतो, कधी दुसरा. त्यामुळे नेहमीचा क्रम इथे उलटा करावा लागतो. आधी फरशी आणि लाकूड बघा, मग खिडकी, मग दिवा. डब्याची पाळी सगळ्यांत शेवटी.

जे बदलणार नाही ते आधी पाहा

रंग दर पाच-सात वर्षांनी बदलतो, फरशी वीस वर्षं राहते. म्हणून खोलीच्या मध्यभागी उभं राहून पहिल्यांदा खाली पाहा. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये बहुधा दोन बाय दोनची आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल असते. ती पांढरी वाटते, पण एक कोरा कागद तिच्यावर ठेवला की तिच्यातला पिवळेपणा लगेच दिसतो. जुन्या घरात मोझॅक असेल, गावाकडे शहाबाद किंवा कोटा. शहाबाद निळसर करडी असते, कोटा हिरवट. हे सगळं कागदावर लिहून काढा: फरशीचा रंग, दारांचं लाकूड किंवा सनमायका, खिडकीची ग्रॅनाइटची चौकट, कपाट, आणि जे पडदे बदलायचे नाहीत ते पडदे.

हे इतकं बारकाईने का पाहायचं, याचं उत्तर एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दिलं आहे. मिशेल शेव्हरल हे पॅरिसच्या गोब्लँ या भित्तिवस्त्रांच्या राजकारखान्यात 1824 पासून रंगाई विभागाचे प्रमुख होते. निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी वापरलेला काळा धागा फिका पडतो, तो नीट रंगवलेला नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपास केला तर रंगाईत काहीच खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी निळा-जांभळा होता म्हणून तो निस्तेज दिसत होता. या शोधातून त्यांचा 1839 चा मोठा ग्रंथ उभा राहिला. त्यातली मुख्य गोष्ट अशी, की शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतात.

जांभळ्याचा विरुद्ध रंग पिवळा. म्हणजे पिवळट फरशीवर उभी असलेली भिंत तुम्ही कार्डावर पाहिली होती त्यापेक्षा जास्त जांभळी दिसणार. अशा खोलीत नुसता जांभळट करडा घेतला तरी तो डोळ्यांना पुरेसा जांभळा वाटतो. निळसर शहाबादीवर मात्र तोच करडा कोरडा, सिमेंटसारखा दिसेल. तिथे लालसर बाजूचा, थोडा अधिक रंग असलेला जांभळा हवा. हिरवट कोट्याशेजारी भिंतीतला गुलाबी पुढे सरकतो, म्हणून तिथे निळसर बाजूने जावं.

खिडकीतून काय येतं

खोली कोणत्या दिशेची आहे एवढं विचारून भागत नाही, तरी सुरुवात तिथूनच करावी लागते. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन जवळजवळ येत नाही, येतो तो आकाशाचा निळसर उजेड. त्यात जांभळ्यातला निळा वर येतो आणि खोली थंड वाटू लागते. पश्चिमेच्या खोलीत दुपारी चारनंतर पिवळं-केशरी ऊन शिरतं. ते जांभळ्याला मारतं, भिंत तपकिरीकडे जाते. पूर्वेच्या खोलीत हाच खेळ सकाळी थोडा वेळ होतो आणि नंतर दिवसभर उजेड सम राहतो. या रंगासाठी मला पूर्वेची खोली सगळ्यांत भरवशाची वाटते. दक्षिणेकडून हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येतं, उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने खिडकीशीच थांबतं.

आता त्या खिडकीबाहेर पाहा. मुंबई-पुण्यात आपल्या खिडकीसमोर आकाशापेक्षा शेजारची इमारत जास्त असते. तिची भिंत पिवळी किंवा विटकरी असेल तर खोलीत येणारा उजेडही त्याच रंगाचा होऊन येतो. समोर आंब्याचं किंवा जांभळाचं दाट झाड असेल तर हिरवा उजेड येतो, आणि हिरव्या उजेडात फिका जांभळा मळकट दिसतो. हे झाड तोडायचं कारण नाही, अर्थातच. त्या खोलीला करड्याचं प्रमाण कमी असलेली छटा निवडायची.

ऋतूचंही भान ठेवा. आपल्याकडे रंगकाम निघतं ते गणपतीनंतर, दिवाळीच्या आत. ऑक्टोबरच्या लख्ख उन्हात निवडलेला रंग पुढच्या जुलैमध्ये, चार-चार दिवस सूर्य न दिसणाऱ्या हवेत, फार गंभीर होऊन बसतो. शक्य असेल तर नमुने श्रावणातच लावून पाहा. पावसाळी उजेडात जो जांभळा उदास वाटला नाही तो उन्हात खात्रीने चांगला दिसतो. उलटं घडेलच असं नाही.

दिवा ठरवा, मग रंग

ही पायरी सर्रास सुटते आणि सगळ्यांत महाग पडते. नोकरी करणारं घर भिंती पाहतं ते संध्याकाळी सातनंतर, म्हणजे विजेच्या उजेडात. तेव्हा कोणता दिवा राहणार हे ठरल्याशिवाय छटा ठरवणं व्यर्थ आहे.

एलईडीच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो. 6500 म्हणजे आपल्याकडे घरोघरी असलेला पांढराशुभ्र, निळसर उजेड. 4000 मधला. 2700 ते 3000 पिवळसर, जुन्या बल्बसारखा. धुरकट जांभळा 6500 खाली निळसर करडा दिसतो, त्याची सगळी ऊब जाते. 2700 खाली त्यातला निळा दबतो आणि तो तपकिरी-गुलाबी होतो. बसायच्या खोलीला मी 4000 सुचवते, झोपायच्या खोलीला 3000. अभ्यासाच्या टेबलावर 6500 हवाच असेल तर तो टेबललॅम्पमध्ये ठेवा.

त्याच खोक्यावर सीआरआय नावाचा दुसरा आकडा शोधा. हा आकडा, दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगतो. बाजारात 80 चे दिवे सहज मिळतात, 90 किंवा त्याहून वरचे मागून घ्यावे लागतात आणि थोडे महाग असतात. स्वस्त एलईडीत गडद लाल प्रकाश कमी असतो. मग भिंतीतला लाल दिसायचा कशाने? जांभळ्याची निळसर राख होते आणि दोष रंगाच्या कंपनीला लागतो. चार दिवे बदलायला रंगाच्या एका डब्याइतकाही खर्च येत नाही. तो आधी करा.

तिन्हीसांजेची वेळ स्वतंत्रपणे पाहून घ्या. उजेड मंदावला की आपले डोळे लाल रंगाला आधी मुकतात, निळा मात्र बराच वेळ दिसत राहतो. पुर्किंजे या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याची नोंद केली होती. देवापाशी दिवा लावायच्या सुमारास लालसर छटेची भिंत एकदम काळोखी वाटते ती याच कारणाने. ज्या खोलीत त्या वेळी कुणी बसत असेल, आजी-आजोबांची खोली समजा, तिथे छटा एक पायरी फिकी ठेवावी.

पोस्टर कलरचा प्रयोग

शेड कार्ड हातात घेण्याआधी मुलांच्या पोस्टर कलरच्या बाटल्या मागून घ्या: जांभळा, पांढरा, काळा, पिवळा आणि तपकिरी. एका पांढऱ्या ताटलीत जांभळ्यात पांढरा मिसळून फिका जांभळा तयार करा आणि त्याचे चार भाग करा.

पहिला तसाच ठेवा. तो गोड दिसेल, लहान मुलींच्या खोलीतला. दुसऱ्यात काळ्याचा अगदी टोकभर थेंब घाला. तो थंड, पावसाळी ढगासारख्या करड्याकडे जाईल. तिसऱ्यात पिवळ्याचा थेंब घाला. इथे गंमत होते: पिवळा घातल्यावर रंग पिवळसर होत नाही, आधी त्यातला भडकपणा जातो आणि एक मऊ, किंचित उबदार करडेपणा येतो. थेंब जास्त पडला तर मात्र थेट चिखल. चौथ्यात तपकिरी घाला, म्हणजे आमसुलाकडे झुकणारा मातकट जांभळा मिळेल.

चारही रंग कागदावर बोटभर रुंद पट्ट्यांनी ओढा आणि वाळू द्या. हा कागद पुढे दुकानात नेण्यासाठी आहे. तिथे शेकडो छटांसमोर गोंधळ उडतो, तेव्हा आपल्याला काळ्याने शांत केलेला जांभळा हवा आहे, पिवळ्याने की तपकिरीने, एवढं माहीत असलं की निवड दहा-बारा छटांवर येते. माझी स्वतःची पसंती पिवळ्याने शांत केलेल्याला आहे. आपल्याकडच्या पिवळट फरश्या, सागवान, पितळ या सगळ्यांशी तो जमवून घेतो. काळ्याने शांत केलेला परदेशी मासिकांतल्या फोटोंत उठून दिसतो, पण तिथला उजेड वेगळा आणि लाकूड फिकं असतं.

शेड कार्ड वाचणं

कार्डावर एकेका पट्टीत एकाच रंगाच्या फिक्यापासून गडदपर्यंत छटा असतात. फिकी छटा कोणत्या बाजूची आहे ते तिच्याकडे पाहून कळत नाही. त्याच पट्टीतली सर्वांत गडद छटा पाहा. ती वांगी रंगाची असेल तर तुमची फिकी छटा भिंतीवर लालसर बाजूला जाणार; ती शाईसारखी निळी असेल तर फिकीतही निळा लपलेला आहे. मग एक कोरा पांढरा कागद शेजारी धरून खात्री करा. कार्ड दुकानाच्या ट्यूबखाली पाहू नका, रस्त्यावर उजेडात न्या, थेट उन्हात नको, सावलीत.

दुसरं म्हणजे एलआरव्ही. रंग किती प्रकाश परत फेकतो त्याचा हा आकडा, शून्य म्हणजे पूर्ण काळा आणि 100 म्हणजे पूर्ण पांढरा. अनेक कंपन्या तो कार्डावर किंवा संकेतस्थळावर देतात, नाही दिसला तर दुकानदाराकडे मागा. बसायच्या खोलीच्या चारही भिंतींना 55 ते 65 च्या आसपासची छटा घ्यावी. झोपायच्या खोलीत 40 ते 55 चालतो. पलंगामागच्या एकाच भिंतीला गडद जांभळा हवा असेल तर 15 ते 25 पर्यंत खाली जा, त्याहून खाली गेलात तर दहा बाय बाराच्या खोलीत दिवसासुद्धा दिवा लागेल.

आणि एक नियम पक्का धरा. कार्डावर जी छटा आवडली, तिच्यापेक्षा एक पायरी फिकी आणि एक पायरी करडी निवडा. भिंती एकमेकींवर आपला रंग फेकतात. दोन इंचाच्या तुकड्यावर जेमतेम दिसणारा जांभळा चार भिंतींवर चढला की दुप्पट बोलू लागतो. पहिल्यांदा हा रंग लावणाऱ्याला ही पायरी फार मिळमिळीत वाटते. तरी ऐका.

नमुना भिंतीवर लावू नका

आपल्याकडे पद्धत अशी, की पेंटर जुन्या भिंतीवर शेजारी शेजारी तीन पट्टे मारून देतो आणि घरातले सगळे मत देतात. जुनी भिंत पिस्ता किंवा पिवळी असली की त्या शेजाराने तिन्ही पट्टे खोटे दिसतात. शेव्हरलांची गोष्ट इथेही लागू आहे.

त्याऐवजी दोन फूट बाय दोन फुटांचे हार्डबोर्डचे किंवा जाड पुठ्ठ्याचे तुकडे घ्या, त्यांवर पांढऱ्या प्रायमरचा एक हात द्या आणि मग नमुन्याच्या छोट्या डबीतला रंग रोलरने दोन हात लावा. कडेने दोन बोटं पांढरी जागा सोडा. ओल्या रंगावर मत देऊ नका. इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळल्यावर एक छटा गडद होतं. रात्र जाऊ द्या.

एका छटेचे दोन तुकडे केलेत तर उत्तम. ते खोलीच्या कोपऱ्यात काटकोनात उभे करा. आतल्या कोनात रंग किती घट्ट होतो ते पाहा, कारण पुरी खोली रंगली की सगळीकडे साधारण तसाच दिसणार आहे. तुकडे खिडकीच्या समोरच्या भिंतीला लावा, मग खिडकीच्याच भिंतीला, जिथे उजेड कधीच थेट पडत नाही. तळाची कड फरशीला टेकवा. दाराच्या लाकडाशेजारी धरा. सकाळी चहाच्या वेळी, भर दुपारी, चार वाजता, तिन्हीसांजेला आणि रात्री दिवे लावून, अशा पाच वेळा पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. पाचही वेळा तो सुंदर दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. कोणत्याही वेळी तो नकोसा वाटत नाही ना, एवढंच पाहायचं, आणि ज्या वेळी तुम्ही त्या खोलीत जास्त असता त्या वेळेच्या मताला वजन द्यायचं.

सोबतचे रंग

पांढऱ्यापासून सुरुवात करू, कारण इथेच बहुतेक खोल्या बिघडतात. छताला डोळे झाकून सुपर व्हाइट मारला जातो. त्या निळसर पांढऱ्याच्या शेजारी धुरकट जांभळा धुतलेला नाही असा, मळका दिसतो. 'भिंत मळकी का दिसते गं?' असं घरातल्या मोठ्यांनी विचारलं तर आधी छताकडे पाहा. छताला मोतिया, म्हणजे किंचित उबदार ऑफ-व्हाइट द्या. याहून सोपी युक्ती म्हणजे छताच्या पांढऱ्या डब्यात भिंतीचाच रंग थोडासा मिसळणं, चार लिटरला एखादी वाटी. मात्र छत आणि भिंत जिथे मिळतात ती रेघ टेप लावून सरळ काढून घ्या. कड स्वच्छ असली की रंग जाणूनबुजून शांत केलेला दिसतो. कड वेडीवाकडी असली की तोच जुनाट दिसतो.

लाकूड. सागवानाचं नैसर्गिक पॉलिश मधासारखं पिवळं-तपकिरी असतं आणि ते या रंगाला आपसूक उजळवतं. जुनी सागवानी कपाटं, पाट, देव्हारा असलेल्या घरांना मी हा रंग आग्रहाने सुचवते. महोगनी पॉलिशचं लाल लाकूड मात्र त्रास देतं, त्याच्या लालीपुढे भिंत निळी पडते. ते पॉलिश खरवडून बदलता येत नसेल तर तपकिरीने शांत केलेली छटा घ्या, म्हणजे दोघांत काहीतरी समान राहील. काळ्या-पांढऱ्या सनमायकाबरोबर हा रंग कोरडा वाटतो. तिथे पडदे, चटई यांतून उबदारपणा आणावा लागतो.

कापडाच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. हळदीचा किंवा मोहरीचा पिवळा या भिंतीसमोर अप्रतिम दिसतो, पण तो थोडाच हवा: दोन उशांचे अभ्रे, एक दिव्याची शेड. पिवळ्याचा पूर्ण पडदा लावला तर विरुद्ध रंगांचं भांडण सुरू होतं आणि डोळा थकतो. शेवाळी हिरवा जास्त प्रमाणात चालतो, अगदी सोफ्याचं कापडसुद्धा. जांभळा शांत आहे तसाच शेवाळीही शांत आहे, दोघांतही करडा आहे. खणाच्या कापडातला गडद मोरपंखी किंवा डाळिंबी काठ एखाद्या उशीवर आला तर भिंतीतला निळा किंवा लाल, जो हवा तो, तुम्ही पुढे आणू शकता. काळं घोंगडं या रंगासमोर फार देखणं दिसतं. ते शुद्ध काळं नसतं, लोकरीचा तपकिरी त्यात असतो, म्हणून ते फिकं पडत नाही. गुलबक्षी आणि राणी हे दोन रंग या खोलीपासून लांब ठेवा. त्यांच्यापुढे आपली भिंत नुसती राख होते.

धातूंत पितळ आणि तांबं. समई, तांब्याचं घंगाळ, पितळी कड्या यांची चमक इथे उठते. स्टील आणि क्रोम चालतात, पण त्यांनी खोली थंड होते. वारली चित्र लावायचं असेल तर गेरूच्या पार्श्वभूमीचं घ्या आणि त्याला पांढरी नको, साधी लाकडी चौकट करा. गेरूतला लाल भिंतीतल्या लालाशी जुळतो.

शेजारच्या खोलीचा विचार विसरू नका. दार उघडं असलं की हॉलचा रंग या भिंतीशेजारी दिसतो. हॉल पिवळट क्रीम असेल तर दारातून पाहताना ही खोली अधिक जांभळी दिसेल, आणि ते बहुधा छानच वाटतं. हॉल पिस्ता किंवा पीच असेल तर मात्र दोन्हींपैकी एक बदलावा लागेल.

भिंत आणि हात

रंग ठरला की घाई सुटते. आधी ओल तपासा. दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि चोवीस तास ठेवा. आतल्या बाजूला दव जमलं तर भिंत ओली आहे, थांबा. पावसाळा नुकताच संपलेला असतो तेव्हा पश्चिमेच्या भिंती हटकून ओल्या असतात. ओल्या भिंतीतून खार फुटला, की तो क्रीम रंगावर एक वेळ लपतो, जांभळ्यावर पांढरा डाग म्हणून लांबून दिसतो. नवं प्लास्टर असेल तर निदान 28 दिवस मुरू द्या. ताज्या सिमेंटच्या क्षाराने काही रंगद्रव्यं उडतात आणि ढगाळ चट्टे पडतात.

खरवडणं, लांबी, घासणं, प्रायमर हे पेंटर जाणतात. तुम्ही फक्त पुट्टीच्या शेवटच्या हातानंतर रात्री टॉर्च भिंतीला चिकटून तिरका धरा आणि उंचवटे पेन्सिलीने खुणावून द्या. मध्यम आणि गडद जांभळ्यावर ते सगळे दिसतात. त्याच कारणाने चमकदार फिनिश टाळा. मॅट घ्या, आणि लहान मुलांचे हात भिंतीला लागत असतील तर धुता येणारं मॅट किंवा अगदी मंद चमकीचं.

हिशेब असा. खोली दहा बाय बारा, उंची साडेनऊ फूट. चारी भिंतींची लांबी 44 फूट, गुणिले साडेनऊ म्हणजे 418 चौरस फूट. दाराचे 21 आणि खिडकीचे 20 वजा केले की 377 उरतात. चांगलं इमल्शन गुळगुळीत भिंतीवर दोन हातांत लिटरला साधारण 120 ते 140 चौरस फूट जातं, नक्की आकडा डब्यावर पाहा. म्हणजे तीन लिटर जेमतेम. चार घ्या. गडद छटा वेगळ्या बेसमध्ये बनतात, त्यात पांढरं द्रव्य कमी असल्याने झाकण्याची ताकद कमी असते आणि तिसरा हात लागतो, त्यासाठी निम्मा रंग जास्त धरा.

हा सगळा रंग एकाच दिवशी, एकाच दुकानातल्या एकाच मशीनवर बनवून घ्या. धुरकट जांभळ्यात तीन-चार रंगद्रव्यांचे बारीक थेंब असतात, त्यातला एक पाव थेंबाने इकडेतिकडे झाला तरी दुसरा डबा वेगळा दिसतो. एकाहून जास्त डबे असतील तर काम सुरू करण्याआधी, 'काका, सगळे डबे एकाच मोठ्या बादलीत ओता आणि ढवळून घ्या,' असं आवर्जून सांगा. बादलीत पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. ढवळताना काठी तळापर्यंत जाऊ द्या, दर अर्ध्या तासाने पुन्हा, आणि रोलरला लावण्याआधी जुन्या सुती कापडातून गाळून घ्या. एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मध्ये न थांबता पुरी करायची. जेवायची सुट्टी भिंत संपल्यावर. अर्ध्यावर सोडलेल्या भिंतीला जोड दिसतो आणि तो तिसऱ्या हातानेही जात नाही. दोन हातांमध्ये चार ते सहा तास जाऊ द्या, दमट हवेत जास्त.

चुन्याची भिंत असेल तर

गावाकडच्या घराला किंवा जुन्या वाड्याला चुनाच द्यायचा असेल, तर दुकानातल्या जांभळ्याची गरज नाही. सफेदीत नीळ घालायची सवय आपल्याला आहेच आणि गेरूही घरचाच. नीळ आणि गेरू एकत्र आले की धुरकट जांभळा आपोआप तयार होतो, कारण गेरूतला पिवळटपणा निळीच्या भडकपणाला शांत करतो. नीळ भुकटीची घ्या. कपड्यांची पातळ नीळ चुन्यात टिकत नाही. दोन्ही वेगवेगळ्या वाडग्यांत पाण्यात कालवून, गाळून, भिजवलेल्या चुन्यात थोडं थोडं घाला. आधी नीळ, मग गेरू चमच्या-चमच्याने. दोन्ही मिळून चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे जाऊ नका, नाहीतर भिंतीला हात लावला की रंग हाताला येतो. चुना इमल्शनच्या उलट वागतो: ओला असताना गडद, वाळल्यावर खूपच फिका. म्हणून विटेच्या तुकड्यावर लावून उन्हात वाळवून पाहा आणि मगच भिंतीला हात घाला. एकदा केलेलं मिश्रण संपलं तर तेच पुन्हा जमत नाही, तेव्हा भिंतींना पुरेल एवढं एकदमच करा.

उरलेला रंग

अर्धा लिटर तरी बाजूला ठेवा, लहान डब्यात काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून. झाकणावर छटेचा कोड, बेस, फिनिश आणि तारीख लिहा. हीच माहिती त्या खोलीतल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही चिकटवा, कारण डबा कधी ना कधी कुणीतरी टाकून देतं. खिळ्याचं भोक किंवा सोफ्याचा ओरखडा मध्येच ब्रशने झाकू नका, वर्षभराने भिंत किंचित बदललेली असते आणि ठिगळ दिसतं. लांबी भरा, घासा, आणि तेवढी एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक हात मारून घ्या.